रुपया कुठवर पोचतो?



 सरकारी खर्च आणि विकास या विषयावरच्या चर्चासत्रासाठी आपण मराठवाड्यातलं, औंढा-वसमत रस्त्यावरचं आमचं शिरड गाव निवडलंत, ते बरं केलंत. सरकारी पैशाने काय घडतं आणि काय अडतं, हे दोन्ही इथे दिसतं.

१९४८ साली आम्ही निजामी राजवटीतून सुटलो, तेव्हा खासगी भांडवल इकडे फिरकायला तयार नव्हतं. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं सरकारनेच बांधली. कालवे वसमतकडे गेले. ऊस आला, साखर कारखाना आला, आणि हळदीने तर वसमत-हिंगोलीचं नाव दूरवर नेलं. सरकारने आधी पाण्यावर पैसा घातला, मग शेतकऱ्याने, आडत्याने, बँकेने आपापला घातला. सरकारचा एक रुपया पुढे अनेक रुपये हलवतो, हा अर्थशास्त्रज्ञ केन्सचा गुणक आम्ही मोंढ्यात पाहिला.

रोजगार हमी योजनेचं मला विशेष वाटतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७२च्या दुष्काळात बळ मिळालं, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती मजुरी म्हणून पडले, आणि तिने ते आठवडी बाजारात ज्वारी-तेलाला दिले. गावातल्या गावात इतका फिरलेला सरकारी रुपया दुसरा नसेल.

पण बांधकामाला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. पाटचारी फुटली की कालव्याच्या टेलचा शेतकरी कोरडाच राहतो. कागदावर मात्र त्याचं रान भिजलेलं असतं. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा कोणता भाग विकासात किती मागे आहे, तो प्रादेशिक अनुशेष मोजला, ते मोठंच काम झालं. पुढे मात्र मंजूर निधीचे आकडे म्हणजेच विकास, अशी आपल्याला सवय लागली. मार्चअखेरची बिलं काढायची घाई तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. (व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी हसू नये!)

आता आमच्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींचा शोध जगासाठी आहे, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. यंत्रं आणि शास्त्रज्ञ बाहेरून येणार, तेही समजतं. पण इथली पोरं तिथे तंत्रज्ञ म्हणून लागावीत, यासाठी शिक्षणावर आजच खर्च व्हायला हवा; नाहीतर त्यांच्या वाट्याला फाटकावरची पहारेदारीच येईल.

म्हणून अभ्यासक मित्रांना विनंती आहे. निबंध वाचताना किती कोटी मंजूर झाले ते सांगाच, पण दहा वर्षांनी त्यातलं काय चालू राहिलं तेही सांगा. आणि चर्चा मराठीतच करा; मागच्या रांगांत ज्यांच्या पाटचाऱ्या फुटल्या आहेत ते शेतकरी बसले आहेत, त्यांनाही प्रश्न विचारू द्या.