कोळसा नसलेल्या गावात कोळशाची परिषद



परिषदेचं ठरल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतोय : इथे कोळशाचा खडा सापडायचा नाही, मग खाणींच्या पुनर्वसनावर बोलायला कऱ्हाडच कशाला?

उत्तर फार लांब नाही. इथून जवळच टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने चढत आटपाडीच्या माळापर्यंत पोचतं. ताकारी, म्हैसाळचंही तेच. पाणी चढतं पंपांवर आणि पंप चालतात विजेवर. कोयनेचा आम्हाला अभिमान आहेच, पण 1960 मेगावॉटची कोयना मुख्यतः मागणी वाढेल त्या वेळेपुरती चालते. दिवसरात्र राबतात ती औष्णिक केंद्रं. त्यात 2920 मेगावॉटचं एकटं चंद्रपूर. आमच्या द्राक्षबागांना पाणी मिळतं तेव्हा तिकडे विदर्भात कोळशासाठी घुग्घुस-वणीची जमीन उकरली जात असते. तिथल्या ढिगाऱ्यांशी आमचा काय संबंध, असं विचारायला आम्हाला तोंड नाही.

ज्यांनी असा ढिगारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोळशावरचे खडक आणि माती काढून रचलेला हा डोंगर. सगळं खालचं वर आलेलं. त्यात सेंद्रिय अंश जवळपास नाही, मुळांना साथ देणारे रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर जिवाणू नाहीत, मायकोरायझा बुरशी नाही. पाऊस पडला की ओघळ पडतात. नुसते खड्डे करून रोपं लावली तर तिथे फोटो चांगले येतात, एवढंच. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. पद्मापूर कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावर त्यांनी सांडपाणी शुद्धीकरणातला गाळ हेक्टरी 50 टन घातला, जिवाणू खतं आणि मायकोरायझा दिली, आणि मग झाडं लावली. गुमगावच्या मँगनीज खाणीवर गाळाऐवजी वापरलं होतं प्रेसमड. होय, आपल्या साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरतं तेच! त्याचा वास या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

खाणीतल्या पाण्याची गोष्ट थोडी निराळी. खडकातल्या पायराइटला हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि ओढ्यातल्या दगडांवर तांबूस थर बसतो. मेघालयाच्या कोळसा पट्ट्यातली लुखा नदी हिवाळ्यात निळी पडत आली आहे, तिथेही अशाच पाण्यावर संशय आहे. विदर्भात सगळीकडे असं नाही. पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी तर शुद्ध करून ‘कोल नीर’ म्हणून बाटलीत भरलं जातं. म्हणजे प्रत्येक खाणीचं पाणी वेगळं, ते वेगळंच तपासायला हवं.

आता पैशाचं. कोळसा मंत्रालय 1975पासून संशोधनाला अनुदान देतं, त्याचं काम रांचीची सीएमपीडीआय ही खाण नियोजन संस्था पाहते. 2009पासून खाण बंद करण्याच्या खर्चाची रक्कम एस्क्रो खात्यात आधीच ठेवावी लागते. 2015च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली : जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर 10 टक्के. पैसा नाही असं कुणी म्हणू नये. माझी तक्रार मुदतीची आहे. संशोधन प्रकल्प संपतो तेव्हा ढिगाऱ्यावरची झाडं जेमतेम माणसाच्या उंचीची असतात. पंधराव्या वर्षी तिथे काय उरलं, हे मोजायला लागतो एक पीएच मीटर, एक जीप आणि एका माणसाचा पगार. तो पगार खनिज प्रतिष्ठानाने खाणीजवळच्या महाविद्यालयाला सलग द्यावा, असा ठराव या परिषदेत व्हावा, ही यजमान म्हणून माझी मागणी. प्रेसमड खाणींपर्यंत कसं पोचवायचं, भाडं परवडतं का, तेही बघू. कारखान्यांची माणसं आज मुद्दाम बोलावली आहेत.

खणलेल्याचा पैसा खणलेल्या जागीच लावायचा, हे आमच्या भागाला नवं नाही. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते, ते बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने 1980च्या दशकात अडवलं. मग बेतानेच वाळू विकून त्या पैशातून बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीनांनाही पाण्याचा सारखा हक्क दिला. उद्या सकाळी सातला बलवडीची गाडी सुटेल. नावं दुपारच्या जेवणाआधी नोंदवा, आणि पायात बूट घाला. वाळूत चालायचं आहे.