स्पोर्ट्स कारचा खर्च
जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता पाहून स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटणारच. पण हिशेब करा. लिटरला 8 किलोमीटर देणारी गाडी 100 किलोमीटरला साडेबारा लिटर पेट्रोल पिते. 20 देणारी फक्त 5. त्यातून वेग ताशी 80 वरून 120 वर नेला, की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. रुंद, मऊ रबराचे टायर लवकर झिजतात, वऱ्हाडी उन्हात तर फारच. जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. आधी टायर, विमा आणि सर्व्हिसिंगचा खर्च विचारा, मगच इसार द्या.