मुलांच्या मेंदूतील गाठ : लक्षणे आणि निदान
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विषय ऐकून काही माता धास्तावल्या असतील. म्हणून आधीच सांगतो, डोके दुखणाऱ्या बहुतेक मुलांच्या मेंदूत गाठ नसते. परंतु ज्यांच्या असते त्यांचा वेळ फार फुकट जातो.

आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. पहाटे उठला की डोके दुखे, उलटी होई आणि मग बरे वाटे. दहा वाजता स्वारी खेळायला मोकळी! घरच्यांनी पित्ताची औषधे दिली. शाळा चुकविण्याचे सोंग, असे अब्बांनी ठरविले. मकतबात वाचताना तो एक डोळा झाकून घेई, कारण त्याला एकाची दोन अक्षरे दिसत. हस्ताक्षर बिघडले म्हणून मारही खाल्ला. चालताना झोक जाऊ लागला तेव्हा अम्मी त्याला घेऊन आली. तिची हकीकत ऐकूनच निम्मे निदान झाले.

असे का होते? मुलांत गाठ पुष्कळदा डोक्याच्या मागील भागात, लहान मेंदूत होते. तोल सांभाळणे हे त्याचेच काम. शिवाय मेंदूतील पाण्याची वाट तिथूनच जाते. ती अडली की कवटीत दाब वाढतो. रात्री आडवे पडल्याने आणखी वाढतो, म्हणून त्रास सकाळी. तान्ह्या बाळाची कवटी जुळलेली नसते, तेव्हा डोकेच भराभर मोठे होते, टाळू फुगते.

डॉक्टर प्रथम मुलाला चालवून बघतात, डोळ्यांत प्रकाश टाकून आतली नस सुजली आहे का ते पाहतात. ती सुजलेली नसली म्हणजे गाठ नाहीच, असे मात्र नव्हे. मग सीटी स्कॅन किंवा एमआरआय. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. तत्पूर्वी पाठीच्या कण्यातून हवा सोडून एक्स-रे काढीत, ती यातना आता उरली नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरणही नसतात. गाठीची जात बहुधा तिचा तुकडा तपासूनच ठरते. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात.

तेव्हा उलटी कोणत्या दिवशी, किती वाजता झाली, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. दोन आठवडे उलट्या थांबत नसतील तर पुन्हा जा. मूल गुंगीत जाऊ लागले किंवा झटका आला तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा. मुलगी असली तर 'बोभाटा नको' म्हणून घरात बसू नका.

त्या मुलाची गाठ शस्त्रक्रियेने काढली. तो आता शाळेत जातो. अक्षर अजून वाकडेच आहे. अब्बा त्यावरून काही बोलत नाहीत.