छर्र्यांचा डबा आणि गटाचं कर्ज

शेण-घाण, धारा उरकून रेडिओपाशी बसला असाल. आज आम्ही शेळी, शिलाई मशीन, पापड यांच्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय बंदुकीच्या छर्र्यांबद्दल. हसू नका, आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या गटाच्या मासिक सभेत एका वहिनींनी अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "लेकीचे छर्रे". पोरगी दहावीत, कोल्हापुरात एअर रायफलचा सराव करायची. सभेत दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "खताला द्या, दवाखान्याला द्या, पण हवेत उडवायला पैसा?" वहिनी गप्पच राहिल्या. गटानं नाही म्हटलं असतं तर त्या खासगी फायनान्सवाल्याकडे जाणार होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. तो आठवड्याला दारात उभा राहतो. म्हणून शेकडा दोननं कर्ज मंजूर केलं, पण अट घातली: डबे किती आणले, किती संपले, याचा हिशेब सभेत द्यायचा.

आपल्या भागाला हा खेळ नवा नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण घेतलं. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा तर गावोगाव पोरं रायफलची चौकशी करू लागली. पण रायफल एकदाच घ्यायची असते, किंवा क्लबची वापरायला मिळते. घराला खरं पोखरतात ते छर्रे.

हिशेब बघा. १० मीटर एअर रायफलच्या सामन्यात ६० छर्रे झाडायचे असतात. छर्रा ४.५ मिलीमीटरचा, शिशाचा. डब्यात साधारण ५००. पोरगी आठवड्यातून सहा दिवस साठ-साठ झाडायची, म्हणजे महिन्याला तीन डबे. दुकानागणिक भाव बदलतो, म्हणून आम्ही रुपयांऐवजी डबेच मोजायला लागलो.

पहिली चूक आमचीच झाली. एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे आपल्या डोक्यात किराण्यामुळं पक्कं बसलेलं. कर्जाच्या पैशातून एका दुकानातून बारा डबे उचलले. घरी उघडून बघतो तर कित्येक छर्र्यांचा मागचा घेर, ज्याला झालर म्हणतात, तो दबलेला. असा छर्रा सरळ जात नाही. दुकानदार परत घेईना. वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्या काकू "मी सांगितलं होतं" म्हणाल्या. ऐकून घ्यावं लागलं.

मग आम्ही दोघीतिघी रेंजवर जाऊन पोरीच्या सरांना भेटलो. त्यांनी सांगितलं, प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो. आधी दोन-तीन प्रकारचा एकेक डबा घ्यायचा, रायफल टेकवून पाच-पाच छर्रे झाडायचे आणि कुठल्या छर्र्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात ते बघायचं. पसंत पडला की त्याच बनावटीचे, त्याच लॉटचे घ्यायचे. महाग मॅचचे छर्रे स्पर्धेला आणि तिच्या आधीच्या आठवड्याला ठेवायचे, रोजच्याला साधे. आमचे ते दबके डबे क्लबनं नवशिक्या पोरांसाठी निम्म्या भावात घेतले. निम्मे पैसे तरी सुटले.

खरी बचत मात्र न झाडण्यात निघाली. सरांकडे कोरा सराव घेतात. उभं राहायचं, नेम धरायचा, श्वास सोडायचा, घोडा दाबायचा, पण नळीत छर्रा नाही. हल्लीच्या दाबाच्या हवेच्या रायफलींना त्यासाठी वेगळी सोय असते. जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत मात्र रिकामा बार काढायचा नाही, आतलं काम बिघडतं. दहाच्या गुणाचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर असतो. तिथं छर्र्यापेक्षा स्थिर अंगच जास्त लागतं. घरी रायफल आणायची नाही हा क्लबचा नियम, म्हणून पोरगी लाकडी दांडक्याला वाळूची पिशवी बांधून परसात वीस मिनिटं उभी राहते. आजीला वाटलं पोरीला काही लागीर झालंय.

आता ती आठवड्याला चारच दिवस झाडते, तेही तीस-तीस, आणि प्रत्येक छर्रा वहीत लिहिते: कुठं लागला, का लागला. महिन्याला एक डबा पुरतो. सामना जवळ आला की थोडे वाढतात. गुण ५९०च्या घरात होते, मागच्या महिन्यात ६०० ओलांडले.

रेंजवरच्या पाच पोरींच्या आया मिळून आता एकदम मागवतात, एकाच लॉटचे. पण हे फक्त छर्र्यांना चालतं. पुढं पोरगी पॉइंट टू टूच्या रायफलीकडे गेली, तर त्या काडतुसांना परवाना लागतो. ती आपण वाटून घेणं, उसनी देणं, दुसरीच्या नावावर आणणं हा सरळ गुन्हा आहे. ते सगळं क्लबमार्फत, लिहून-पढून. आणि ती काडतुसं छर्र्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात, म्हणून पोरीनं घाई केली तरी सर सांगतील तेव्हाच.

आणखी एक. झाडलेला छर्रा उचलून परत भरू नका, नळी खराब होते. शिसं विषारी असतं. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय पोरीच्या हातात भाकरी देऊ नका, डबा लहानग्यांच्या हाती लागू देऊ नका. साठलेलं शिसं चुलीवर वितळवायचा उद्योग तर मुळीच नको. ते क्लबच भंगारात देतो.

वहिनींच्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत. मागच्या सभेत डब्यांची वही त्या काकूंनीच मागून घेतली, चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि विचारलं, "माझ्या नातीला कितव्या वर्षी घेतात गं?"