पहिल्या घराचं टॅक्स क्रेडिट: मुदतवाढ नेमकी कोणाला?

(मंचाच्या न्यू जर्सीतल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत एक सूचना आली होती. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना केंद्र सरकारने पुन्हा टॅक्स क्रेडिट द्यावं, या मागणीला मंचाने पाठिंबा द्यावा, अशी. सूचना चांगल्या मनाने केलेली होती आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मी मात्र म्हटलं की मला यावर बोलायचं आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, प्रयोगशाळेत काम करणारी बाई आहे. पण याच क्रेडिटचे ८,००० डॉलर्स मी स्वतः घेतले आहेत. तेव्हा निदान एक 'सॅम्पल' म्हणून तरी मला बोलायचा अधिकार आहे!

आधी थोडा इतिहास. घरांच्या किमती कोसळल्यावर जुलै २००८ मध्ये काँग्रेसने पहिलं क्रेडिट आणलं. ७,५०० डॉलर्सपर्यंत, पण ते खरं म्हणजे बिनव्याजी कर्ज होतं. दरवर्षी थोडं थोडं करून १५ वर्षांत परत करायचं. फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात ही रक्कम ८,००० झाली आणि त्या घरात तीन वर्षं राहिलात तर परतफेड माफ. तुमचा टॅक्स ८,००० पेक्षा कमी असेल तरी उरलेल्या रकमेचा चेक घरी यायचा. ग्रीन कार्डाची अट नव्हती. टॅक्सच्या दृष्टीने 'रेसिडेंट' असलात की एच-वनवाल्यांनाही मिळायचं. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पहिल्या टाउनहाउसमध्ये अंकल सॅमचा थोडा वाटा आहे.

आमच्याही आहे. २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही घर शोधत होतो. मी पोस्टडॉक, नवऱ्याला नोकरी, डाउन पेमेंटचे पैसे साठलेले. एका घरावर आमच्याशिवाय आणखी एक ऑफर आली. एजंट म्हणाली, "आठ हजार सरकार देणारच आहे, मग चार हजार वाढवायला काय हरकत आहे?" आम्ही वाढवले. म्हणजे क्रेडिटमधले निम्मे पैसे आमच्या हातात पडायच्या आधीच विकणाऱ्याच्या खिशात गेले. उरलेल्या निम्म्यात सोफा आला आणि पुण्याची तिकिटं काढली. क्रेडिट नसतं तर आम्ही घर घेतलं नसतं का? घेतलंच असतं. कदाचित चार हजारांनी स्वस्त!

आता एका उदाहरणावरून निष्कर्ष काढला तर माझे विद्यार्थीच मला हसतील. 'कंट्रोल' कुठे आहे, असं विचारतील. म्हणून खरा प्रश्न असा, की क्रेडिट घेणाऱ्यांपैकी क्रेडिटमुळेच घर घेणारे किती? ब्रुकिंग्ज संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ टेड गेयर यांनी २००९ मध्येच हा हिशोब मांडला होता. रिअल्टर्सच्या संघटनेचा स्वतःचा अंदाज होता की सुमारे १९ लाख लोक क्रेडिट घेतील आणि त्यातले साडेतीन लाख एरवी घर न घेणारे असतील. खर्च अंदाजे १५ अब्ज डॉलर्स. भागाकार करा. एका खऱ्या नव्या खरेदीमागे सुमारे ४३,००० डॉलर्स पडतात. आणि हा आकडा क्रेडिटच्या सर्वांत मोठ्या समर्थकांचाच अंदाज धरून काढलेला आहे.

आता मुदतवाढीकडे येते. आजच्या प्रश्नाशी तिचाच संबंध जास्त आहे. क्रेडिट ३० नोव्हेंबर २००९ ला संपणार होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काँग्रेसने ते पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत वाढवलं. पण नुसती तारीख वाढली नाही. पूर्ण क्रेडिटसाठी जोडप्याची उत्पन्नमर्यादा १,५०,००० डॉलर्स होती, ती २,२५,००० झाली. शिवाय ज्यांच्याकडे आधीच घर होतं त्यांनाही, त्यात पुरेशी वर्षं राहिलेले असतील तर, दुसरं घर घ्यायला ६,५०० पर्यंत मिळू लागले. 'पहिलं घर घेणाऱ्यांसाठी' म्हणून निघालेली योजना नऊ महिन्यांत कुठल्या कुठे पोचली पाहा!

आणि हे घडलं कसं? त्याच विधेयकात बेकारी भत्त्याचीही मुदतवाढ होती. बेकारी तेव्हा १० टक्क्यांवर गेली होती. भत्त्याविरुद्ध मत कोण देणार? सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० मतांनी ते मंजूर झालं. ज्यांची नोकरी गेली होती त्यांच्या गरजेच्या गाडीत बसून सव्वादोन लाख मिळवणाऱ्यांची सवलतही पार झाली.

तपासनिसांना पुढे बरंच काही सापडलं. अठरा वर्षांखालच्या ५८० जणांच्या नावाने क्रेडिट मागितलेलं होतं, त्यात सर्वांत लहान 'घरमालक' चार वर्षांचा. तुरुंगातल्या १,२९५ कैद्यांना ९१ लाख डॉलर्स गेले. हे वाचून हसू येतं, पण ही फसवणूक होती आणि ती बंद करता येते. मला काळजी कायदेशीर गळतीची वाटते. ती आमच्या घरी सोफा होऊन बसली होती.

दुसरी बाजू सांगणंही माझं कर्तव्य आहे. एप्रिलची मुदत संपल्यावर जुलै २०१० मध्ये जुन्या घरांची विक्री एका महिन्यात २७ टक्क्यांनी घसरली. तेव्हा सगळे म्हणाले, फक्त पुढच्या दोन-चार महिन्यांतली विक्री अलीकडे ओढली गेली. पण बर्गर, टर्नर आणि झ्विक या तिघांनी 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये २०२० साली वेगळं दाखवलं. त्यांच्या मते बरेच खरेदीदार कित्येक वर्षांनी घर घेणारे तरुण भाडेकरू होते, आणि त्यांच्यामुळे किमती सावरायला मदत झाली. काम काळजीपूर्वक केलेलं आहे आणि मी ते मानते. पण त्या वेळी घरं रिकामी पडली होती आणि गिऱ्हाईक नव्हतं, हे विसरू नका. किमती सावरणं हाच तेव्हा उद्देश होता.

आजचा आजार बरोबर उलटा आहे. गिऱ्हाईक आहे, घरं नाहीत. २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास मॉर्गेज मिळालेली माणसं घर सोडायला तयार नाहीत, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ८ च्या जवळ जाऊन आला. अशा बाजारात प्रत्येक खरेदीदाराच्या हातात जास्त पैसे दिले तर काय होईल? तीच एजंट, तेच वाक्य, फक्त आकडा मोठा. २०२४ मध्ये बायडन यांनी महिना ४०० डॉलर्सचं, दोन वर्षांसाठी, क्रेडिट सुचवलं. कमला हॅरिस यांनी डाउन पेमेंटसाठी २५,००० डॉलर्सपर्यंत मदत सुचवली. दोन्ही मी मत देते त्या पक्षाच्या सूचना, आणि दोन्ही अमलात आल्या नाहीत. हॅरिस यांनी सोबत तीस लाख नवी घरं बांधण्याचं म्हटलं होतं. माझ्या मते खरा मुद्दा तो होता, पण चर्चा झाली पंचवीस हजारांची.

आता आपल्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. या खोलीत बहुतेकांचं स्वतःचं घर आहे. काहींची दोन आहेत. ज्यांची मुलं आता घर घ्यायच्या वयाची झाली, त्यांना हे क्रेडिट गोड वाटणं स्वाभाविक आहे. पण मदत आपल्या मुलांना हवी आहे की आपली स्वयंपाकघरं साफ करणाऱ्या, माझ्या लॅबमध्ये रात्री केर काढणाऱ्या माणसांना? भाड्यासाठी केंद्राच्या मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. बाकीची वर्षानुवर्षं यादीत. त्यांच्या मुदतवाढीसाठी आपण कधी ठराव केला?

आणि आपल्याच राज्यात करण्यासारखं आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल खटल्यात सांगितलं की झोनिंगच्या आडून विकसित होणाऱ्या गावांना गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. २०२४ च्या नव्या कायद्यानुसार २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा वाटा ठरवायची पद्धत घालून दिलेली आहे. आता आपापल्या टाउनशिपच्या सभेला जाऊन पाहा. "अपार्टमेंट आली तर शाळेवर ताण पडेल, ट्रॅफिक वाढेल" म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपली माणसं दिसतात. मी पाहिली आहेत. एकदा त्या रांगेत मीही गप्प बसून होते, आणि त्याची मला लाज वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. क्रेडिटच्या मागणीला मंचाने सरसकट पाठिंबा देऊ नये. द्यायचाच तर तीन अटींवर. ज्यांच्या आईवडिलांकडेही कधी घर नव्हतं आणि गाठीला पैसा नाही, त्यांनाच ते मिळावं. पैसे टॅक्स रिटर्ननंतर न येता क्लोजिंगच्या दिवशी मिळावेत, कारण डाउन पेमेंट नसलेल्याला पुढच्या वर्षीच्या चेकचा उपयोग नाही. आणि मुदतवाढ मागताना उत्पन्नमर्यादा एका डॉलरनेही वर जाऊ नये.

यापेक्षा सोपं काम एक आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावाच्या प्लॅनिंग बोर्डाच्या एका तरी सभेला जायचं, आणि परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की उभं राहून "बांधा" म्हणायचं. सरकारने मला दिलेले आठ हजार मी आता परत करू शकत नाही. पण दोन मिनिटं बोलू शकते. पुढच्या महिन्यात आमच्या गावची सभा आहे. माझ्याबरोबर कोण येतंय?

आता तुमचे प्रश्न, आणि मुख्य म्हणजे तुमचे आक्षेप, ऐकायला मी तयार आहे.