गर्दीची किंमत कोणी मोजायची?

गर्दी वाढली की दर वाढवावा, हा विचार केवळ नफेखोरांचा नाही. गजबजलेल्या रस्त्यावर शिरणारे प्रत्येक वाहन इतरांना विलंब घडविते. त्याचे मोल करातून वसूल व्हावे, अशी मांडणी पिगू यांनी १९२० सालीच केली होती. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवस्तीत येणाऱ्या मोटारींवर पाच पौंडांचा आकार बसविला आणि त्याचे उत्पन्न कायद्यानेच वाहतुकीसाठी राखून ठेवले. तेथे मोटारवाल्याने पैसे भरले आणि बसच्या उतारूचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना लागू केलेली ‘फ्लेक्सी’ भाडेपद्धती मात्र निराळी होती. दर दहा टक्के जागा भरताच भाडे दहा टक्क्यांनी चढे. बहुतेक वर्गांत ते मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत जाई. शेवटची जागा घेणारा उतारू गाडीला क्षणाचाही उशीर करीत नाही. मग हा अधिभार कशाचा? तो विलंबाचे मोल नव्हे, टंचाईवरील खंड होय. त्यातही सर्वांत महागडे वातानुकूलित प्रथम व एक्झिक्युटिव्ह वर्ग या वाढीतून वगळले होते!

यावर स्पर्धेचा उतारा सुचविला जातो. परंतु रूळ एकच असता दुसऱ्या नावाची गाडी सोडल्याने स्पर्धा निर्माण होत नाही. मार्ग कोणाला आधी मिळणार, एवढाच तंटा उरतो. म्हणूनच नियमन हवे. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणास संमती दिली. पण दरांबाबत त्याला अधिकार देऊ केला तो शिफारशीचा, निर्णयाचा नव्हे.

तथापि, ‘भाडेवाढ नको’ एवढ्या घोषणेवर कार्यकर्त्यांनी थांबू नये. भाडे कमी आणि जागा अपुऱ्या असल्या, तर पैशाऐवजी वशिला आणि दलाल वाटप करतात. त्यातही गरीबच मागे राहतो. मागणी नेमकी हवी: चढत्या भाड्याला कायद्याची मर्यादा, अधिभाराचा जाहीर हिशेब, आणि त्यातील प्रत्येक रुपया साध्या वर्गाच्या नव्या डब्यांसाठी व मार्गांसाठी. टंचाईतून मिळणारे उत्पन्न टंचाई मिटविण्यास बांधले नाही, तर टंचाई टिकविण्यातच व्यवस्थेचा स्वार्थ गुंततो. लढा भाड्याच्या आकड्याशी नाही, या स्वार्थाशी आहे.