फोटोत चप्पल खरी दिसू दे
(महासंघाच्या बैठकीतील मनोगत)

मैत्रिणींनो, १९२० साली बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, तो आपल्या कोल्हापुरातच बनवलेल्या कॅमेऱ्यावर. आज कॅमेरा प्रत्येकीच्या मोबाईलात आहे. गिऱ्हाईक चप्पल पायात घालायच्या आधी फोटोच बघतंय.

म्हणून आधी मऊ कापडानं भिंग पुसा. फ्लॅश नको, दारातल्या उजेडात, साध्या चादरीवर चप्पल ठेवा. एक फोटो जोडीचा, एक वेणीचा, एक तळाचा. नंतर उजेड थोडा वाढवला तर चालतंय, पण कातड्याचा रंग बदलू नका. फोटोत तांबूस आणि हातात काळपट निघाली, तर जोडी परत येते, पार्सलचा खर्चही आपल्याच अंगावर.

बैठकीत एकमेकींचे फोटो बघा, चूक तोंडावर सांगा. गिऱ्हाइकानं सांगण्यापेक्षा ते बरं!